रुक्मिणीमावशींचं ‘चालेल’

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सतरा नंबरचा गाळा कुणाला विचारावा लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तर रिक्षावालाच दोन गाळे आधी शिंकायला लागतो आणि "उतरो भाई, आ गया" म्हणत मीटर बंद करतो. डाव्या हाताला बेअरिंगवाले, उजव्या हाताला खोकी छापणारे आणि मधोमध हा मसाल्याचा कारखाना. दोन्हीकडचे शेजारी उन्हाळाभर तोंडाला रुमाल बांधून काम करतात, शिव्या घालतात आणि मेअखेरीला घरच्या वर्षाच्या मसाल्यासाठी याच दारात रांग लावतात.

रुक्मिणी सीताराम घाडी यांनी या गाळ्यात सव्वीस वर्षं काढली. पगाराच्या यादीत नावापुढे ‘सुपरवायझर’ असं लिहिलेलं असलं तरी त्या हुद्द्याने त्यांना कुणी ओळखत नसे. डंकावर, म्हणजे लोखंडी मुसळं आपटणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या बायका त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे ‘नाक’. "लॉट उतरवू का गं?" "नाकाला विचारलंस?" असं सरळ चालायचं. मावशींना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पाठीमागे ठेवलेलं नाव आवडावं असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

त्यांची पद्धत ठरलेली. कुटलेल्या मसाल्याची चिमूट डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या अंगठ्याने चोळायची, तळहात नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. मग एक शब्द. असे शब्द एकंदर पाच होते: नको, चालेल, बरा, छान आणि झकास. ‘झकास’ वर्षातून दोन-तीनदा निघे आणि त्या दिवशी बायकांना चहाबरोबर भजी मिळत. एकदा शब्द पडला की संपलं. मालक श्यामसुंदरकाका जिवंत होते तोवर तेसुद्धा नाकाच्या शब्दापुढे गेले नाहीत. प्रत्येक लॉटचा कागद ठेवायची शिस्त मात्र त्यांनी लावली. कुठली मिरची किती, धणे किती भाजले, आणि खाली मावशींचे शब्द: रंगाला एक, तिखटाला एक, वासाला एक. त्या कागदांच्या थप्प्या पोटमाळ्यावर नुसत्या पडून होत्या.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये मावशींना कोरोना झाला. नऊ दिवस ताप, पंधरा दिवस अशक्तपणा, मग त्या उठून कामावर आल्या. त्या दुखण्यातून निघाल्या, म्हणजे निभावलं असं सगळ्यांना वाटलं. पण वास मागे राहिला तो राहिलाच. "दोन महिन्यांत येतो, आजी," असं दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता. दोन महिने गेले, दोन वर्षं गेली, तिसरंही सरलं. बहुतेकांचा येतो, तसा यांचा आला नाही.

घरी ते फक्त सीतारामना कळलं. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर काढून रिटायर झालेला हा माणूस बोलायला कमी आणि बघायला पक्का. एका सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला होता, स्वयंपाकघरभर गॅस पसरला होता आणि मावशी तिथेच शांतपणे मेथी निवडत बसल्या होत्या. सीतारामनी धावत येऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि बायकोकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर सकाळचा चहा तेच करायला लागले. त्यावरून घरात एक शब्दही बोलणं झालं नाही.

कारखान्यात मात्र मावशींनी हिकमतीने वेळ निभावली, आणि त्या हिकमतीचं कौतुक करावं की कान धरावा हे ठरवणं सोपं नाही. मिरचीचा ठसका आणि मिरचीचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना तेव्हा कळलं. ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण त्यामागचा सुगंध यायचा नाही. रंग पांढऱ्या कागदावर चोळून दिसे. तिखट जिभेला कळे. धणे भाजत आले की तडतड बदलते, ती कानाला कळे. वासापुरती अडचण होती. त्यावर त्यांनी उपाय काढला, तो म्हणजे शिकवणं. चाळणीवर बसणाऱ्या जयंतीला त्या हाक मारायच्या, तळहात तिच्या नाकाखाली धरायच्या आणि मास्तरणीसारखं विचारायच्या, "सांग, काय म्हणतोय वास?" जयंती घाबरत घाबरत सांगायची: "धणे जरा जास्त भाजलेत वाटतं," किंवा "दगडफूल वर आलंय." मावशी मान हलवायच्या आणि शब्द टाकायच्या.

"मावशी बदलल्या हो," सगळ्या बायका म्हणायला लागल्या. "आधी कुणाला जवळ येऊ देत नव्हत्या, आता हाताला धरून शिकवतात." हे ऐकलं की मावशी कागदात डोकं घालत.

श्यामसुंदरकाकांचा मुलगा अनिरुद्ध आता मालक. चाळिशीचा, भला, पण सतत चार फोनवर. त्याचं दुखणं वेगळंच होतं. बाजारात मिरची रोज रंग बदलते. आज बेडगी महाग, उद्या संकेश्वरी मिळत नाही, परवा पांडी येते ती भलतीच जळजळीत. दरवेळी प्रमाण नव्याने बसवायचं, चार-पाच नमुने कुटून मावशींपुढे ठेवायचे, यात आठवडा जायचा. त्याला हवा होता लालभडक रंग, झणझणीत पण न झोंबणारा तिखटपणा, घरभर दरवळणारा वास, वर्षभर टिकणारा मसाला, आणि सगळं खिशाला परवडणारं. "हे सगळं एका वेळी पायजे," तो म्हणायचा. कुणाला नको असतं?

त्याने अंधेरीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजशी बोलणी केली आणि तिथून आली तेजल मेश्राम. राहणारी वाकोल्याची, वडील गोंदियाकडून येऊन टेलिफोन खात्यात चिकटलेले, आणि ही घरातली पहिली एम.टेक. पहिल्या दिवशी गाळ्यात शिरताच तिला अकरा शिंका आल्या. बायकांनी त्या मोठ्याने मोजल्या आणि अकरावीला टाळ्या वाजवल्या. तेजल डोळे पुसत हसली, तिथेच ती सगळ्यांना पटली.

तिने पोटमाळ्यावरचे कागद खाली काढले आणि दुपारी मावशींसमोर येऊन बसली.

"मावशी, तुम्ही ‘बरा’ कधी म्हणता?"

"बरा असला की."

"आणि ‘छान’?"

"छान असला की. तू इंजिनियर ना गं?"

तेजलने चिकाटी सोडली नाही. "म्हणजे एखाद्या लॉटला तुम्ही आज ‘बरा’ म्हणाल आणि उद्या ‘छान’, असं होतं का?"

"होतं की. बऱ्याचा शेवट आणि छानची सुरुवात एकाच जागी असते. तिथे मधे कुणी भिंत घातलेली नाही."

"हेच!" तेजलने एका खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि पेनाने डोंगर काढायला लागली. प्रत्येक शब्दाला एक डोंगर, एकाचा पायथा दुसऱ्याच्या पायथ्यात घुसलेला. "आमच्यात याला फझी म्हणतात. हो किंवा नाही असं नाही. थोडं हो, थोडं नाही. एखादा मसाला दहातले सात भाग ‘बरा’ आणि तीन भाग ‘छान’ असू शकतो."

"म्हणजे ‘जरासं’ म्हणायला कॉम्प्युटर आत्ता शिकला होय?" मावशींना मनापासून मजा वाटली. "आम्ही तर आयुष्यभर जरासं, बेताचं, अंमळ असंच करत आलो."

"आता ‘चालेल’ कुठे काढू?"

मावशींचं हसू थोडं उतरलं. "त्याला नेमकी जागा नसते. पाहुण्याला चहा विचारला की तो काय म्हणतो? ‘चालेल.’ हवाय की नकोय, ते त्याच्या तोंडाकडे बघून आपण ओळखायचं."

तेजलने ‘चालेल’चा डोंगर सगळ्यांत पसरट काढला, ‘नको’पासून ‘छान’पर्यंत पाय सोडून बसलेला. मावशींना तो डोंगर नकोसा झाला. आपण रोज ज्याच्या आड लपतो ती जागा या पोरीने पेनाने आखून दाखवली, असं त्यांना वाटलं.

मग तिने मशीन कसं शिकतं ते सांगितलं. न्यूरल नेटवर्क म्हणे आधी काहीतरी ठोकून देतं: या प्रमाणाला मावशी ‘छान’ म्हणतील. मग कागदावरचं खरं उत्तर बघतं. किती चुकलं ते मोजतं आणि आतली वजनं जराजरा सरकवतं. असं हजारो वेळा. शेवटी मसाला न कुटताच मावशी काय म्हणतील ते त्याला सांगता येतं. मग कॉम्प्युटर लाखभर प्रमाणं नुसती हिशेबात तपासतो आणि फक्त अशी ठेवतो की ज्यांत रंग वाढवायला गेलं तर वास जातो आणि वास वाढवायला गेलं तर दर वाढतो.

"म्हणजे उत्तर एक नाही?" मावशींनी विचारलं.

"एक नसतंच. दहा-बारा उरतात, सगळी आपापल्या परीने बरोबर. त्यातलं कुठलं घ्यायचं ते माणसाने ठरवायचं. ते तुम्ही ठरवणार."

अनिरुद्ध हे ऐकून इतका खूश झाला की त्याने शेजारच्या खोकीवाल्याला नव्या पाकिटाचं काम देऊनही टाकलं. पाकिटावर तळहात नाकाशी धरलेल्या मावशींचा फोटो आणि खाली ‘रुक्मिणीमावशींची पसंती’. "चालेल ना मावशी?" त्याने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "चालेल काय, धावेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सीतारामनी चहाचा कप पुढे ठेवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला. "सांगान टाक गो एकदा. काय तां होयत."

"आणि मगे? नाक गेलेल्या नाकाक कोण ठेवतलो?"

"फोटो छापून इलो की मगे लय जड जाताला."

मावशींना पैशापेक्षा एका गोष्टीचं भय होतं. आज, एकोणसाठाव्या वर्षीही, त्या गाळ्यात शिरल्या की बायका काम थांबवून वर बघतात, ते बघणं थांबेल.

पुढच्या आठवड्यात जयंती भाचीच्या लग्नाला गेली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सीझन जोरात होता, डंक थांबवणं शक्य नव्हतं. त्या तीन दिवसांत सहा लॉट निघाले. मावशींनी तळहात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि सहा वेळा वासाच्या रकान्यात लिहिलं, ‘चालेल’. दुसऱ्या कुणा बाईला विचारता आलं असतं, पण डंकावरच्या बाकीच्या चौघी बोलघेवड्या. एकीला विचारलं की चौघी विचारणार, मावशी, तुम्हीच का नाही सांगत?

सोमवारी जयंती परत आली. त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत तेजल लॅपटॉप घेऊन मावशींच्या शेजारी पाटावर बसली. तिच्या चेहऱ्यावर कोडं न सुटलेल्या माणसाची उत्सुकता होती, दुसरं काही नव्हतं.

"मावशी, एक गंमत आहे. रंग आणि तिखट मशीनला मस्त जमतंय. वाससुद्धा जमतो, पण काही दिवस असे आहेत की तिथे पार वाट लागते. मशीन म्हणतं ‘छान’, तुम्ही ‘चालेल’. मशीन म्हणतं ‘नको’, तरी तुम्ही ‘चालेल’. त्या दिवशी काय वेगळं होतं ते मी शोधत होते. माल कुठला, हवा कशी, लाइट गेली होती का. काहीच जुळेना. शेवटी हजेरीचं बुक लावून बघितलं." तिने स्क्रीन वळवली. "एकेचाळीस दिवस आहेत. एकेचाळीसही दिवस जयंतीताई रजेवर. मावशी, जयंतीताई नसल्या की मसाल्याला वास का येत नाही?"

मावशी भडकल्या. "तू मिरची-धण्याचं बघायला आलीस ना? बायकांच्या हजेऱ्या कशाला उचकतेस?"

तेजल दचकली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग पलीकडे डबा धुणाऱ्या जयंतीकडे. हुशार पोरगी ती. तिला कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर तिचा चेहरा इतका उतरला की मावशींना तिचीच दया आली.

"कोरोना?" तिने हळूच विचारलं.

मावशींनी मान हलवली.

"मावशी, मी कुणाला बोलणार नाही. शपथ. ते एकेचाळीस दिवस मी काढून टाकते. मशीन बाकीच्यावर नीट शिकेल. रिपोर्टमध्ये नुसतं लिहीन, काही नोंदी अपुऱ्या होत्या."

सुटले, असं मावशींना क्षणभर वाटलं. त्यांनी हात पुढे करून तेजलचा हात दाबला. तेवढ्यात नजर स्क्रीनवरच्या यादीच्या शेवटाकडे गेली. शेवटच्या तीन तारखा गेल्या गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारच्या होत्या. त्या तारखांचा मसाला अजून कुणाच्या पोटात गेला नव्हता. तो दरवाजाशी गोण्या भरून उभा होता आणि चार वाजता गाडी येणार होती. यादीतून त्या तारखा खोडता आल्या असत्या, गोण्यांतून कशा खोडणार?

"मशीन त्या सहांना काय म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"पाचांना ‘बरा’. एकाला..." तेजलने बोट सरकवलं. "एकाला ‘नको’. शुक्रवारचा दुसरा. धणे नव्या पोत्यातले होते, ओलावा जास्त लिहिलाय. पण मशीन चुकूही शकतं, मावशी. त्याला नाक नाही."

"मलाही नाही," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

अनिरुद्ध केबिनमध्ये पाकिटाचा नमुना उजेडात धरून बघत होता. मावशींना बघून तो खुलला. "या, या! बघा, फोटो किती झकास आलाय."

"गाडी थांबव."

"का?"

"गेल्या गुरुवार ते शनिवारचे सहा लॉट तपासलेले नाहीत."

"तपासलेत की. तुमच्या हाताने ‘चालेल’ लिहिलंय."

"तेच सांगतेय. मला वास येत नाही, अनिरुद्ध. एकवीस सालापासून. जयंती असली की मी तिला विचारून लिहिते. नसली की ‘चालेल’ लिहिते."

अनिरुद्धने नमुना टेबलावर उलटा ठेवला. लहानपणी शाळा सुटल्यावर तो याच गाळ्यात येऊन मावशींच्या डब्यातली उसळ खायचा. रागवायचं कुणावर हे त्याला कळत नव्हतं. शेवटी मालकच बोलला. "आणखी कुणाला सांगितलंय?"

"तुला. त्या पोरीने स्वतःच ओळखलं."

"मग आजची गाडी जाऊ दे. पॅकिंग झालंय, पार्टी खोळंबलीये. उद्यापासून आपण काहीतरी व्यवस्था करू. एवढ्यात कुणाला बोलू नका."

हीच पळवाट मावशींनी तीन वर्षं स्वतःला दिली होती. दुसऱ्याच्या तोंडून ती ऐकली तेव्हा किती ओंगळ वाटते ते त्यांना समजलं. "कुबट मसाला कुणाच्या घरी वर्षभर पुरवून खातील रे," त्या म्हणाल्या. "रोज डबा उघडतील आणि आपल्याला शिव्या घालतील. मला काढायचं तर काढ. पण त्या गोण्या उघडल्याशिवाय जाणार नाहीत."

सहाही गोण्या दारातून आत आल्या. मावशींनी जयंतीला हाक मारली. नेहमीसारखीच ती आली, पदराला हात पुसत, परीक्षेला बसल्यासारखी. तेजल आणि अनिरुद्ध बाजूला उभे होते, त्यामुळे तिला आणखीच धास्ती वाटली असणार. तिने पहिल्या गोणीतली चिमूट चोळली. "बरा आहे." दुसरी. "बरा." तिसरी, "छान म्हणता येईल का? ... छानच." चौथ्या गोणीशी तिने तळहात नाकाशी नेला आणि लगेच बाजूला घेतला. "हे धणे कुबट आहेत. पावसात भिजलेलं गोणपाट असतं ना, तसला वास मारतोय." तो शुक्रवारचा दुसरा लॉट होता. तेजलने श्वास सोडला. राहिलेल्या दोन गोण्या चांगल्या निघाल्या.

सगळं संपल्यावर जयंतीने मावशींकडे पाहिलं. ती नेहमीच अशी बघायची, बरोबर की चूक ते ऐकायला.

"माझ्याकडे बघू नकोस गं," मावशी म्हणाल्या. "मला कळत नाही. वास येतच नाही मला. कोरोनापासून. तू सांगायचीस, ते मी माझं म्हणून लिहायचे."

बाकीच्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. डंक बंद होता. जयंती सुरुवातीला हसली, मावशी मस्करी करतायत असं वाटून. मग अनिरुद्धचा पडलेला चेहरा तिने पाहिला.

"म्हणजे तू मला शिकवत नव्हतीस?"

"नाही."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

जयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. "तीन वर्षं मी परीक्षा देतेय, मावशी. आणि तू पेपर तपासतच नव्हतीस?"

मावशींनी मनाशी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. तुझंच नाक खरं, तूच हा कारखाना चालवलास, मला अभिमान आहे. ती सगळी त्यांनी सोडून दिली.

"कधी कधी तू म्हणायचीस, ‘परत घे’," जयंती पुढे बोलली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता. "आठवतंय? मी सांगायचे आणि तू म्हणायचीस, परत वास घे, नीट घे. का म्हणायचीस?"

मावशींना खरं उत्तर देणं भाग होतं. "लोकांना वाटावं, मला कळतंय म्हणून."

"मला वाटायचं माझं चुकलं. मी घाबरून बोलणं बदलायचे, मावशी. कुबट वाटलेलं बरं म्हणायचे. घरी गेल्यावर हाताचा वास घेत बसायचे, आपलं नाक असं कसं, म्हणून. नवरा हसायचा."

"किती वेळा बदललंत?" तेजलच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने लगेच जीभ चावली.

"मोजायला मी काय मशीन आहे?" जयंती म्हणाली. "खूपदा."

रुक्मिणीमावशी पाटावर बसल्या. आजवर त्यांची समजूत अशी होती की आपण एक नाक उसनं घेतलं आणि त्यावर निभावलं. कुणाचं काही बिघडवलं नाही. आता कळलं की ज्या एका नाकाला अचूक कळत होतं, त्याला आपण रोज थोडं थोडं खोटं पाडलं होतं. वास जाणं हे दैवाचं होतं. हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

"चुकले मी, जयंती," त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षांत या गाळ्यात हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

जयंतीने ‘असू दे’ म्हटलं नाही. तिने पदराने डोळे टिपले, चौथी गोणी पायाने बाजूला सरकवली आणि डंकावरून नुकत्याच उतरलेल्या नव्या लॉटकडे गेली. चिमूट तळहातावर घेतली, चोळली, नाकाशी नेली. या खेपेला तिने वळून पाहिलं नाही.

"लिहून घे," ती म्हणाली. "आणि परत घे म्हणू नकोस."

मावशींनी कागद मांडीवर ओढला, पेन उघडलं आणि जयंती सांगेल ते, सांगेल तसं लिहायला सुरुवात केली.